कोचला काढण्याआधी हिशेब मांडा

मांडवा, ता. अलिबाग, जि. रायगड

श्री. रणबीर कपूर आणि श्री. बिमल पारेख यांस,
मुंबई सिटी एफसी



तुमच्या संघाला ‘आयलंडर्स’ म्हणतात. आम्ही त्या बेटासमोरच्या किनाऱ्यावरचे. तुमच्या व्यवसायातल्या लोकांना मांडवा म्हटलं की ‘अग्निपथ’ आठवतो, नाहीतर शनिवारी जेट्टीवर उतरणाऱ्या गाड्या. इथे फुटबॉल बघणारेही राहतात हे सहसा कुणाच्या गावी नसतं. रायगड जिल्हा कबड्डीचा, आणि उरलेला क्रिकेटचा. तरीही अंधेरीत साडेसातचा सामना असला की आमच्यातले काही जण दुपारच्या लाँचने गेटवेला उतरतात, तिथून चर्चगेट, मग लोकल. सामना संपतो तेव्हा परतीची लाँच नसते. मग मुंबईत कुणा नातेवाइकाकडे मुक्काम, किंवा चौघांत गाडी करून अटल सेतूवरून, पेण-वडखळमार्गे पहाटे घरी. एवढं करून संघ हरला तर तोंडातून पहिलं वाक्य काय निघतं ते तुम्हाला ठाऊक आहे: कोच बदला.

या वाक्याबद्दलच लिहितोय. आमच्या तोंडी ते शोभतं, कारण आमच्या हातात काही नाही. तुमच्या तोंडी शोभेल का, याची मला शंका आहे.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण म्हणजे डिसेंबर 2025. नोव्हेंबर 2019 मध्ये मँचेस्टरच्या सिटी फुटबॉल ग्रुपने तुमच्या क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला होता. सहा वर्षांनी तो सोडून ते निघून गेले आणि सगळी सूत्रं पुन्हा तुम्हा मूळ मालकांकडे आली. मध्यंतरी फेडरेशन आणि लीगचे व्यावसायिक हक्क सांभाळणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला, नवा ठरेना, आणि लीगच रखडली. शेवटी फेब्रुवारी 2026 मध्ये ती सुरू झाली ती एकेरी साखळीची, प्रत्येक संघाला अवघे 13 सामने. 13 सामन्यांत पाच वाईट गेले तर एक तृतीयांशाहून जास्त हंगाम गेला. घाबरायला एवढं पुरतं. पूर्वी घाबरल्यावर मँचेस्टरला फोन करता यायचा. आता फोन तुमच्याच टेबलावर वाजणार.

आधी 29 मार्च 2025 ची रात्र घेऊ. बेंगळुरूच्या कांतिरवा मैदानावर प्ले-ऑफचा बाद सामना, आणि आपण 5-0 ने हरलो. त्या रात्री कोच पेत्र क्रात्कीला परत पाठवा असं म्हणणारे आमच्या जेट्टीवरही होते. पण समोरच्या संघात कोण होतं ते बघा. होर्हे पेरेरा दियाझ, अल्बेर्तो नोगेरा, राहुल भेके. तिघेही आदल्या हंगामात आपल्या जर्सीत होते. 4 मे 2024 रोजी सॉल्ट लेकवर मोहन बागानला 3-1 ने हरवून आपण करंडक उचलला, त्या अंतिम सामन्यातला बरोबरीचा गोल पेरेरा दियाझचाच. अकराच महिन्यांनी त्याने बेंगळुरूसाठी आपल्यावर पाचवा गोल केला. भेके तर मुंबईचा पोरगा. एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याच्याच हेडरने भारतीय क्लबला आशियाई चॅम्पियन्स लीगमधला पहिलावहिला विजय मिळाला होता. मधल्या फळीतला अपुइया त्याच उन्हाळ्यात मोहन बागानकडे गेला. ग्रेग स्टुअर्ट त्याआधीच गेला होता, तोही पुढे तिथेच दिसला.

ही माणसं का गेली? कुणाचा करार संपला असेल, कुणाला जास्त पैसे मिळाले असतील, कुणाला स्वतःहून जायचं असेल. कारण काहीही असो, करारावर सह्या करणं हे कोचचं काम नव्हे. त्याच्या हातात जे उरतं त्यातून अकरा जण निवडणं हे त्याचं काम. 5-0 ची जबाबदारी त्याची नाही असं मी म्हणत नाही. त्या रात्री बचावाची रचना ज्या पद्धतीने उघडी पडत गेली ती त्याचीच रचना होती. पण त्या पाच गोलांतले किती गोल खेळाडूंच्या बाजाराच्या काळातच बसले होते, हा हिशेब आधी मांडायला हवा. पारेखसाहेब सनदी लेखापाल आहेत. घाटा दिसला की तो कुठल्या खात्यात झाला हे पाहिल्याशिवाय ते मुनिमाला काढून टाकत नसतील.

तुमच्या क्लबच्याच इतिहासातलं एक पान इथे कामाचं आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये कोच सेर्हिओ लोबेरा गेला आणि डेस बकिंगहॅम आला. आदल्याच हंगामात साखळीत अव्वल येण्याची शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकलेला संघ त्याच्या हाती आला. सुरुवात झोकात झाली. मग डिसेंबरच्या शेवटापासून संघाला विजय म्हणजे काय तेच आठवेना. आठवड्यामागून आठवडे बरोबरी नाहीतर हार. शेवटच्या सामन्यात हैदराबादकडून हरून आपण पाचवे आलो, पहिल्या चारांबाहेर. गतविजेता बाद फेरीतही नाही. कुठल्याही देशात, कुठल्याही लीगमध्ये, अशा तरुण आणि नवख्या कोचची बॅग त्या रात्री भरली गेली असती. तुमच्या क्लबने त्याला ठेवलं. महिन्याभरात रियाधमध्ये वर सांगितलेला विजय आला आणि गटात दुसरं स्थान मिळालं. पुढच्या हंगामात सलग 18 सामने अपराजित राहून, दोन सामने बाकी असतानाच त्याच माणसाने शिल्ड मिळवली.

तेव्हा त्याला ठेवणं हे धैर्य होतं की थंड डोक्याचा हिशेब? मला हिशेब वाटतो. ग्रुपच्या मेलबर्न सिटीत तो सहायक होता. तिथे त्याला रोज काम करताना पाहिलेल्या लोकांनी त्याची निवड केली होती. निकाल वाईट आले तेव्हा त्यांच्याकडे निकालांखेरीज आणखी माहिती होती: सराव कसा चालतो, पोरं ऐकतात की नाही, संधी तयार होतात पण गोल होत नाहीत की संधीच तयार होत नाहीत. नोव्हेंबर 2023 मध्ये तो ऑक्सफर्ड युनायटेडला गेला, म्हणजे हंगामाच्या मधोमध कोच बदलावा लागला. तेव्हाही त्याच मेलबर्नमधून क्रात्की आला, संघाची खेळण्याची रीत तीच राहिली, आणि पाच महिन्यांत करंडक आला. कोच बदलूनही काही बदललं नव्हतं, म्हणून ते साधलं.

हे सगळं सांगायचं कारण, ती व्यवस्था आता गेली. मेलबर्नचं दार बंद झालं. उद्या क्रात्की असो वा दुसरा कुणी, पाच सामने हरला तर त्याच्या जागी कोण येईल हे आज तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर त्याला काढण्याचा विषयच काढू नये, एवढं माझं या पत्रातलं म्हणणं आहे. बाकी सगळा त्याचा पुरावा.

पहिला पुरावा पुण्याचा. एफसी पुणे सिटी हा तुमच्याबरोबरच 2014 मध्ये जन्मलेला संघ. गंमत अशी की 2012 च्या ‘अग्निपथ’मध्ये मांडव्यासाठी लढलेला हृतिक रोशन काही काळ त्याचा सहमालक होता. बालेवाडीच्या त्या संघाने पाच हंगामांत काय केलं? पहिल्या वर्षी फ्रांको कोलोम्बा, दुसऱ्या वर्षी डेव्हिड प्लॅट, तिसऱ्या वर्षी अंतोनियो हबास, चौथ्या वर्षी रांको पोपोविच. पोपोविचच्या हाताखाली संघ पहिल्यांदाच पहिल्या चारांत आला. पाचव्या वर्षी तोही नाही! मिगेल अंखेल पोर्तुगाल आले आणि तीन सामन्यांत गेले. मग हंगामी म्हणून प्रद्युम्न रेड्डी, मग डिसेंबरात फिल ब्राऊन. ब्राऊनने संघ थोडाफार सावरला हे मान्य केलंच पाहिजे. पण 2019 मध्ये क्लबच पैशाअभावी बंद पडला, त्याची जागा हैदराबादला गेली, ब्राऊनही तिकडे गेला, आणि जानेवारी 2020 मध्ये तिथूनही त्याला काढलं. पुण्याच्या प्रेक्षकाच्या हाती काय आलं? दरवर्षी नव्या कोचची ओळख करून देणारी पत्रकार परिषद. तिजोरीत काय चाललंय त्याची पत्रकार परिषद कधी झाली नाही.

दुसरा पुरावा तुमच्याच शहरातला, आणि मला तो जास्त लागतो. कूपरेजवर खेळणारा मुंबई एफसी. 2009 पासून त्याचा कोच खालिद जमील, तेव्हा जेमतेम बत्तिशीतला. हाती पैसा कमी, नावाजलेले खेळाडू नाहीत, पण सात हंगाम त्याने संघ आय-लीगमध्ये टिकवून ठेवला. कधी वर नाही, पण खालीही नाही. लोक कंटाळले. बचावाचा खेळ खेळतो, बघवत नाही, अशी तक्रार होती, आणि खरं सांगायचं तर बघवत नसे. 2016 मध्ये क्लब आणि तो वेगळे झाले. त्याच्या जागी संतोष कश्यप आले. विजय येईनात म्हणून हंगामाच्या मध्यात त्यांनाही काढलं आणि ऑस्कर ब्रुझोन आला. मुंबई एफसी तळाला राहून आय-लीगमधून खाली गेला, आणि तो परत कधी दिसलाच नाही.

खालिद जमील त्या वर्षी कुठे होता? ऐझॉलमध्ये. आदल्या हंगामात जो संघ खालच्या गटात ढकलला गेला होता आणि गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून परत घेतला गेला, तो संघ. त्याच 2016-17 च्या हंगामात त्याने तो आय-लीगचा विजेता केला. 22 एप्रिलला मोहन बागानला 1-0 ने हरवलं, 30 एप्रिलला शिलाँगमध्ये 1-1 ची बरोबरी, आणि मिझोरामला आय-लीगचं पहिलं विजेतेपद. तक्त्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला त्याचा सोडलेला क्लब.

यावरून खालिद असता तर मुंबई एफसी वाचला असता असं मी म्हणणार नाही. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला तो काही कोचच्या चुकीने नव्हे, आणि पुण्याच्या डीएसके शिवाजीयन्सचंही तेच. आपल्या राज्यात क्लब मरतात ते मालकाच्या कार्यालयात. त्यांच्या शेवटच्या दिवसांत कोच मात्र भराभर बदलताना दिसतात, कारण तेवढंच बदलणं स्वस्त असतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं.

आता उलट बाजू. तीही खोटी नाही. जानेवारी 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने जेरार्ड नूसला काढून हंगामी म्हणून याच खालिद जमीलला बसवलं. त्यानंतर लीगमधला एकही सामना न हरता संघ उपांत्य फेरीत गेला. त्याआधी वर्षभर गोव्यात काय झालं ते तर तुम्ही जवळून पाहिलंय, कारण त्याचा फायदा तुम्हालाच झाला. एफसी गोवाने जानेवारी 2020 च्या अखेरीस लोबेराला काढलं तेव्हा संघ तक्त्यात सर्वांत वर होता. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडाने सांभाळले, शिल्ड जिंकली, आणि गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. म्हणजे बदल यशस्वी? त्या तक्त्याप्रमाणे हो. पण लोबेरा पुढच्या हंगामात मुंबईला आला, त्याच्यामागोमाग मुर्तदा फाल, अहमद जाहू, ह्युगो बुमूस आणि मंदार राव देसाई आले, आणि उपांत्य फेरीत त्यांनी गोव्यालाच पेनल्टीवर घरी बसवलं. 13 मार्च 2021 ला फातोर्ड्यावर 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि तुमचा दुहेरी मुकुट पुरा झाला. (तो हंगाम साथीमुळे पूर्ण गोव्यात झाला. आम्ही आमचं पहिलं विजेतेपद टीव्हीवरच पाहिलं.) एका क्लबने फेकलेला कोच दुसऱ्याच्या कपाटात दोन चषक ठेवून गेला.

ऑक्सफर्डची गोष्टही थोडक्यात सांगतो. आपल्या बकिंगहॅमने मे 2024 मध्ये त्यांना दुसऱ्या श्रेणीत चढवलं आणि त्याच डिसेंबरात त्यांनी त्याला काढलं. नवा माणूस गॅरी रॉवेट आला, संघ त्या वर्षी श्रेणीत टिकला. म्हणजे त्यांचा निर्णय बरोबर. पुढच्या डिसेंबरात रॉवेटलाही काढलं.

याचा अर्थ लावायला बास तेर वेल या डच अर्थतज्ज्ञाचं काम उपयोगी पडतं. त्याने 1986 ते 2004 या काळातला नेदरलँड्सचा लीग फुटबॉल तपासला. ज्या क्लबांची कामगिरी घसरली आणि ज्यांनी कोच काढला, ते पुढे सावरले. पण ज्यांची तशीच घसरली आणि ज्यांनी कोच ठेवला, तेही जवळपास तेवढेच सावरले. घसरगुंडीत दुखापती असतात, सलग कठीण सामने असतात, खांबाला लागून बाहेर गेलेले चेंडू असतात. त्या गोष्टी कायम तशाच राहत नाहीत. नवा कोच नेमका त्या वेळी येतो आणि सुधारणा त्याच्या नावावर लागते.

राष्ट्रीय संघाकडे पाहिलं तर हेच उलट्या बाजूने दिसतं. जून 2024 मध्ये कोच स्टिमाचला काढलं, मग मानोलो मार्केझ, तोही एका बाजूने एफसी गोवा सांभाळत, आणि ऑगस्ट 2025 पासून खालिद जमील. मार्केझच्या काळात बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी, हाँगकाँगकडून हार. खालिदच्या काळात मडगावात सिंगापूरकडून हार, मग ढाक्यात बांगलादेशकडून. 2027 च्या आशियाई चषकाची पात्रता गेली. तीन कोच झाले, गोल करणारा माणूस सापडला नाही, आणि सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं. आता पुन्हा कोच बदला म्हणणारे आहेतच.

मांडव्याचा माणूस म्हणून इथे मी तांडेलाचं आणि होडीचं उदाहरण देईन असं वाटलं असेल. देत नाही. तांडेलाला भरती-ओहोटीचा अंदाज असतो. फुटबॉलच्या कोचला पुढच्या महिन्याचा पगार वेळेवर येईल की नाही याचाही नसतो.

मग कोच कधी काढावा? माझ्या मते दोनच वेळा. एक, खेळाडू त्याचं ऐकेनासे झाले असतील तर. हे मैदानावर दिसतं: गोल खाल्ल्यावर परत धावणारी माणसं कमी होतात, बदली होऊन बाहेर येणारा खेळाडू त्याच्याकडे न बघता बसतो. अशा वेळी तो कितीही हुशार असला तरी उपयोग नाही आणि थांबण्यात अर्थ नाही, मग संघ तक्त्यात कुठेही असो. दोन, तुम्हाला क्लब ज्या पद्धतीने चालवायचा आहे ती आणि त्याची पद्धत मुळातच जुळत नसेल तर. पण तो निर्णय हंगाम संपल्यावर घ्यायचा, आणि त्याच दिवशी पुढचा माणूस ठरलेला असावा. पाच पराभव हे यातलं एकही कारण नाही. अंधेरीच्या स्टँडमधून येणारी आमची ओरड तर मुळीच नाही.

तुमच्याकडे माझं मागणंही फार नाही. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी जाहीर करा की कोचची निवड आणि गच्छंती हा निर्णय कुणाचा आहे, त्या व्यक्तीचं नाव काय. सहा वर्षं ते नाव मँचेस्टरमध्ये कुठेतरी होतं, आम्हाला कधी कळलं नाही, आणि निकाल चांगले होते म्हणून कुणी विचारलंही नाही. हेही सांगा की खेळाडू घेण्या-सोडण्यात कोचचा शब्द किती चालतो. तो शून्य असेल तर शून्य म्हणा. मग 5-0 नंतर कुणाला बोलायचं ते आम्ही ठरवू.

आणि एक सहायक नेमा, इथला. 2014 पासून पीटर रीड, निकोला अनेल्का, अलेक्झांद्रे गिमाराएस, जॉर्ज कॉश्टा, लोबेरा, बकिंगहॅम, क्रात्की. यात कायमस्वरूपी नेमलेला एकही भारतीय कोच नाही. परदेशी माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही. कॉश्टा ऑगस्ट 2025 मध्ये वारले तेव्हा पोर्तोइतकंच थोडं अंधेरीतही हळहळलं असेल. प्रश्न मघाचाच आहे: मेलबर्न बंद झाल्यावर पुढचा माणूस कुठून येणार? गोव्याकडे ऐनवेळी क्लिफर्ड मिरांडा होता, कारण तो आधीपासून तिथे काम करत होता. तुमच्याकडे आज तसा कोण आहे, जो सरावात रोज उभा असतो, पोरांशी त्यांच्या भाषेत बोलतो आणि ज्याला दोन वर्षांनी खुर्ची द्यायची तयारी तुम्ही आजपासून करता आहात?

2014 ते 2016 या काळात खालिद जमील कूपरेजवर होता, तुमच्याच शहरात, तुमच्या क्लबच्या कार्यालयापासून लोकलच्या अंतरावर. त्या वर्षांत तुमच्याकडून कुणी त्याला निदान चहाला बोलावलं होतं का, एवढं कळवलंत तर बरं होईल.

कळावे.

आपला,
मांडव्याचा एक प्रेक्षक